ढग जातील



गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या एका ताईंनी विचारले, "प्रीतिभोजनाच्या दिवशी हवा कशी राहील हो? मांडव बाहेर घालायचा की नाही?" आम्ही चौघे स्वयंसेवक तिथेच उभे होतो. चौघांनीही खिशातून मोबाईल काढले. एकाच्या मोबाईलवर लख्ख सूर्य, दुसऱ्याच्या मोबाईलवर ढगाआडून डोकावणारा सूर्य, तिसऱ्याकडे तीन थेंब, आणि चौथ्याच्या मोबाईलने "संमिश्र" एवढे सांगून हात वर केलेले. ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही." मग सवयीने त्यांची नजर व्हरांड्यातल्या काळ्या फळ्याकडे गेली. आमचीही गेली.

या फळ्याबद्दल लिहायचे आम्ही बरेच दिवस टाळत आलो आहोत, कारण त्या गोष्टीत आमची बाजू चांगली नाही. पण नाताळ तोंडावर आला आहे आणि कालपासून आकाशात खूप उंचावर पांढरे धागे दिसू लागले आहेत. तेव्हा आता लिहितोच.

आमचे गाव महू. कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर झाले, बोलण्यात अजून महूच. इंदूरच्या दक्षिणेला, माळव्याच्या पठाराच्या कडेवर. गावाच्या पुढे थोडे गेले की विंध्याचा उतार लागतो आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते. गोवा, बेळगाव, हैदराबादकडच्या वाचकांना हिवाळा म्हटला की निळी, कोरडी हवा आठवत असेल. आमचा हिवाळा इतका सरळ नाही. आठ दिवस ऊन, मग दोन दिवस ढग, मध्येच मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. कधी त्यात गारा. पाऊस थांबला की सकाळी समोरचा माणूस दिसू नये असे धुके, आणि धुके फिटले की हाडांत शिरणारी थंडी. ग्वाल्हेरचे वाचक म्हणतील, तुमची ती काय थंडी! त्यांचे बरोबर आहे. पण आमच्या घरांना पत्रे आहेत आणि आमचे म्हातारे आमचेच आहेत.

आमच्या मंडळीत एक काका होते. हवामान खात्यात निरीक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेले. काकू प्रभूकडे गेल्यानंतर ते एकटेच राहत. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. संडे स्कूलची मुले त्यांना 'ढगवाले काका' म्हणत. त्यांचे नाव इथे लिहीत नाही; त्यांना ते आवडले नसते. नोकरीत रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला आकाशाची नोंद करायची सवय होती. निवृत्तीनंतर पगार थांबला, नोंद थांबली नाही. व्हरांड्यातल्या फळ्यावर वरच्या अर्ध्या भागात आठवड्याचे वचन लिहिलेले असे, खालचा अर्धा भाग रिकामा. काकांनी पाळकसाहेबांकडे तो मागून घेतला.

तिथे ते तीनच गोष्टी लिहीत. ढग किती, ढग कोणते, आणि उद्या काय संभवते. 'ढग ३. उंच, पिंजलेले. उद्या कोरडे राहण्याचा संभव.' हे ३ म्हणजे आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले तीन ढगांनी झाकलेले. मुलांना हे फार आवडे. पायऱ्यांवर उताणे पडून ती आकाशाची भाकरीसारखी आठ तुकड्यांत वाटणी करत आणि भांडत. एक म्हणे पाच, दुसरा म्हणे सहा. काका म्हणत, "भांडू नका, मानेला कळ लागेपर्यंत पाहा, मग सांगा."

ढगांची नावे ते आधी मराठीत शिकवत, मग शास्त्राची. सगळ्यांत उंच, सहा किलोमीटरच्याही वर, पिंजलेल्या कापसाच्या तारा दिसतात ते सिरस. ते पाण्याचे नसतात, बर्फाच्या बारीक कणांचे असतात. त्याच उंचीवर दुधावरची पातळ साय पसरावी तसा थर येतो तो सिरोस्ट्रेटस. तो स्वतः धड दिसत नाही, पण त्याच्यामुळे सूर्याला नाहीतर चंद्राला खळे पडते. त्याच्याखाली मेंढरांचा कळप बसल्यासारखे गोळे गोळे ढग दिसतात ते अल्टोक्यूम्युलस. नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ झालेल्या मुलांना हे नाव पाठ असे. सूर्य तेलकट कागदाआडून पाहिल्यासारखा दिसू लागला की अल्टोस्ट्रेटस आला. आणि मग तोंड नाही, कडा नाही, सगळीकडे एकच राखाडी रंग, दिवसभर रिपरिप, तो निंबोस्ट्रेटस. दुपारच्या उन्हात फुगणारे फुलकोबीसारखे ढग क्यूम्युलस; त्यांतलाच एखादा वाढत वाढत वर जाऊन त्याचे डोके लोहाराच्या ऐरणीसारखे सपाट पसरले की क्यूम्युलोनिंबस. गारा टाकतो तो हाच. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच, हे काकांनी सांगितले तेव्हा एक लहान मुलगी म्हणाली होती, "म्हणजे आज आम्ही ढगातून चर्चला आलो!" काका तिला म्हणाले, "मोशेसुद्धा ढगातच गेला होता."

ही नावे ठेवणारा माणूसही आपल्यासारखाच एका लहानशा मंडळीतला, हे काका मुद्दाम सांगत. ल्यूक हॉवर्ड. लंडनमध्ये औषधी रसायने बनवण्याचा व्यवसाय करणारा, क्वेकर पंथाचा. क्वेकर लोकांच्या उपासनेत शांत बसण्याला फार महत्त्व. शांत बसायची सवय असलेला माणूसच इतकी वर्षे ढगांकडे पाहू शकतो, असे काकांचे मत. १८०२ च्या डिसेंबरात हॉवर्डने काही मित्रांच्या अभ्यासमंडळात निबंध वाचला आणि रोज रूप बदलणाऱ्या ढगांना लॅटिन नावे दिली. सिरस म्हणजे केसांची बट, क्यूम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे थर, निंबस म्हणजे पावसाचा ढग. जर्मन कवी गटेला ही कल्पना एवढी आवडली की त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता लिहिल्या. आज आमच्या मोबाईलमधला अंदाज ज्या नोंदींवर उभा असतो, त्यांत हीच नावे आहेत. आदामाने प्राण्यांना नावे ठेवली, ढगांचे काम राहून गेले होते, ते १८०२ मध्ये झाले, असे काका हसून म्हणत.

पण काकांची सगळ्यांत आवडती गोष्ट वेगळी होती. पावसाळ्यात आमच्याकडे ढग बहुधा नैर्ऋत्येच्या आणि पूर्वेच्या समुद्रांवरून येतात. हिवाळ्यात तसे नाही. हिवाळ्यातल्या ढगांना हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांवर ही वादळी हवा तयार होते, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येते, हिमालयात बर्फ टाकते. तिचा जोर दक्षिणेपर्यंत पोचला आणि अरबी समुद्रावरून ओलावा मिळाला, की माळव्यात मावठा.

भूमध्य समुद्र! पहिले राजे, अध्याय १८ उघडा. एलीया कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोके घालून बसला आहे आणि चाकराला समुद्राकडे पाहायला पाठवतो आहे. सहा वेळा काही नाही. सातव्यांदा माणसाच्या तळहाताएवढा ढग. तो समुद्र हाच. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात प्रभू म्हणतो की पश्चिमेकडून ढग वर चढताना दिसला की तुम्ही लगेच पाऊस सांगता. ती पश्चिम म्हणजे हाच समुद्र. "लक्षात घ्या," काका म्हणत, "पवित्र शास्त्रातले हवामान आपल्या पावसाळ्याला लागू करू नका, फसाल. पण पौष-माघात करा. एलीयाच्या ढगाची भावकी तुमच्या पत्र्यावर येऊन पडते." आम्ही पुढे ताडून पाहिले, प्रत्येक हिवाळी ढग तिथूनच निघतो असे नाही, पण काकांचे मूळ म्हणणे खरे आहे.

आता त्या वर्षाचे सांगतो.

आगमन काळाचा तिसरा आठवडा होता. प्रीतिभोजन नाताळच्या आधीच्या रविवारी, चर्चच्या मोकळ्या पटांगणात. दीडशे पाने बसणार. बुधवारी फळ्यावर आले: 'ढग २. पिंजलेले, पश्चिमेकडून.' गुरुवारी रात्री चंद्राला मोठे खळे. शुक्रवारी: 'ढग ७. सूर्य तेलकट कागदाआड. शनिवारी पावसाचा संभव, गारांचा थोडा.' खात्याचा अंदाजही तोच, पिवळ्या इशाऱ्यासह. मोबाईलमध्ये पुढच्या पाच दिवसांचे चित्र म्हणजे नुसती खिचडी: ढग, पाऊस, धुके, ऊन, आणि एक हिमकणाचे चिन्ह, ज्याचा अर्थ आम्ही कुणी पाहिला नाही.

आम्ही घाबरलो. मांडववाल्याला पैसे दिलेले होते. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनासभा ठेवली आणि एकच विषय घेतला, की परमेश्वरा, हे ढग दूर कर. प्रार्थना मनापासून होती, खोटे सांगत नाही. सभा संपल्यावर काका टोपी घालता घालता म्हणाले, "शास्त्रात देव ढगात उतरतो. आणि तुम्ही ढग घालवा म्हणता." आम्ही हसलो. काकाही हसले.

बाहेर दूधवाला भैया कॅन घेऊन उभा होता. शेजारच्या खेड्यातला, यादव, पाच बिघे गहू लावलेला. आमचे बोलणे त्याच्या कानावर गेले असावे. तो म्हणाला, "बाबूजी, आप लोग रोको मत. मावठा गिर जाए तो मेरा एक पानी बच जाएगा." डिसेंबरातला शांत मावठा गव्हाला सोन्यासारखा, विहिरीचे एक पाणी वाचते, विजेचे बिल वाचते. आणि सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्याच एका बंधूंचे बटाटे होते. महूकडे बटाटा भरपूर होतो. ढगाळ, ओल्या, गार हवेत बटाट्यावर करपा पडतो, तीन-चार दिवसांत पाने काळी. त्यांना मावठा नको होता, पण आमच्या मांडवासाठी नव्हे. म्हणजे एका पटांगणाच्या फाटकाच्या आत-बाहेर तीन प्रार्थना उभ्या होत्या. एक दीडशे पानांची, एक गव्हाची, एक बटाट्याची. संमिश्र अंदाज म्हणतात तो हा. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो असे वाचताना आपण नेहमी पाऊस म्हणजे आशीर्वाद एवढेच धरतो. बटाटेवाल्या बंधूंना विचारा.

शनिवारी दुपारी पाऊस आला. गारा दोन-चार मिनिटे, हरभऱ्याएवढ्या. मांडवाचे कापड पोटासारखे फुगून खाली आले आणि आम्ही बांबूने ढोसून पाणी उतरवले. रविवारी जेवण हॉलमध्ये, तीन पंगतींत झाले आणि, खरे सांगायचे तर, छान झाले. दाटीमुळे माणसे एकमेकांशी बोलली. मांडवासाठी केलेली सगळी काळजी फुकट.

त्या संध्याकाळी पश्चिमेकडचा राखाडी पडदा खालून फाटला आणि आकाश लालभडक झाले. संध्याकाळचे आकाश तांबडे म्हणजे हवा चांगली, हे मत्तयाच्या १६ व्या अध्यायातले लोकही जाणत होते. त्याचे कारण काकांनी शिकवले होते: हिवाळ्यात हवा पश्चिमेकडून येते, पश्चिम मोकळी झाली म्हणूनच मावळतीचा प्रकाश ढगांच्या पोटापर्यंत पोचतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "प्रभूची स्तुती असो" म्हणाले. काका भांडी घासण्याच्या गडबडीतून वाट काढत व्हरांड्यात गेले, फळा पुसला आणि लिहिले:

'ढग जातील. सोमवारी रात्री कडक थंडी. वृद्धांना सांभाळा.'

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. काका कधीही ठाम लिहीत नसत. 'संभव' हा शब्द त्यांच्या हाताखाली झिजलेला होता. रॉबर्ट फिट्झरॉयची गोष्ट ते सांगत. डार्विन ज्या बीगल जहाजावर होता त्याचा हा कप्तान. १८५९ मध्ये रॉयल चार्टर नावाचे जहाज वादळात फुटून चारशेंहून अधिक माणसे गेली. त्यानंतर फिट्झरॉयने तारायंत्राने वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि १८६१ पासून लंडनच्या वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापून येऊ लागला. हे भविष्य नव्हे, अंदाज आहे, असे तो बजावत असे. तरी अंदाज चुकला की लोक त्याची टर उडवत. १८६५ मध्ये त्या भल्या, श्रद्धाळू माणसाने स्वतःचा जीव घेतला. काका म्हणत, "संदेष्टा आणि निरीक्षक यांत फरक आहे. निरीक्षकाने संभव लिहावे." त्या रविवारी त्यांनी संभव लिहिले नाही. तीन ओळी, तिन्ही ठाम.

आम्ही चौघांनी तो फळा वाचला. आम्हाला आठवते, आम्ही "ढग जातील" मोठ्याने वाचले आणि एकमेकांना टाळी दिली, कारण सोमवारी रात्री नाताळगीतांची फेरी होती.

ढग जातात तेव्हा काय होते, तेही काकांनीच आम्हाला कैकदा सांगितले होते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग असले की ती ऊब ते अडवतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. ढग म्हणजे गावावरची गोधडी. ती काढून घेतली, वारा उत्तरेचा कोरडा असला, रात्र लांब असली, की ऊब थेट निघून जाते. म्हणून थंडी पावसात नसते, पावसानंतरच्या स्वच्छ रात्री असते. काकांच्या घरातल्या तापमापकात रविवारी पहाटे १४ अंश होते आणि मंगळवारी पहाटे ५. ही नोंद त्यांच्या वहीत आहे. मंगळवारच्या नोंदीचे अक्षर वाकडे आहे.

सोमवारी सकाळी धुके होते, दहा वाजता फिटले. काय निळे आकाश! बायकांनी तीन दिवसांचे ओले कपडे वाळत घातले. रात्री आम्ही कंदील, ढोलक, गिटार घेऊन निघालो. चांदण्यांनी आकाश भरलेले. घरोघरी चहा, करंजी, फराळ. काकांचे घर यादीत सगळ्यांत शेवटी होते. पत्र्याची एक खोली, गल्लीत शनिवारच्या पावसाचा चिखल. अकरा वाजून गेले होते. आमच्यापैकी एक म्हणाला, "झोपले असतील. उद्या जाऊ." कोण म्हणाला ते लिहीत नाही, कारण बाकीचे तिघे लगेच हो म्हणाले.

आणखी एक. त्या रात्री चर्चच्या व्हेस्ट्रीत चाळीस नवी ब्लँकेटे दोन गठ्ठ्यांत बांधून ठेवलेली होती. वाटपाची तारीख २६ डिसेंबर. आधी का नाही? पाहुणे २६ ला येणार होते. फोटो काढायचे होते.

मंगळवारी पहाटे साडेसहाला दूधवाल्या भैयाने काकांचे दार वाजवले. आतून आवाज आला नाही. कडी नुसती टेकलेली होती. काका खाटेवर भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळसर, शब्द अडखळत. शेगडी पेटवलेली नव्हती. बंद खोलीत कोळसा पेटवू नये हे त्यांना पक्के ठाऊक होते. अंगावर एकच रग. दुसरा त्यांनी शनिवारी समोरच्या इमारतीच्या चौकीदाराला दिला होता, त्याचे अंथरूण पावसात भिजले म्हणून. हे आम्हाला चौकीदाराकडून नंतर कळले. भैयाने स्वतःची घोंगडी त्यांना गुंडाळली, रिक्षा थांबवली आणि इस्पितळात नेले. त्या दिवशी अर्ध्या गावाला दूध दुपारी मिळाले. आम्हाला फोन आला तेव्हा आम्ही चर्चमध्ये तारा लावत होतो.

न्यूमोनिया निघाला. काकांचा नाताळ इस्पितळात झाला.

आम्ही केक घेऊन गेलो. काय बोलावे कळत नव्हते. एकाने क्षमा मागायला सुरुवात केली, ती अर्ध्यात अडकली. काकांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. ते खिडकीकडे बोट करून म्हणाले, "मला इथून दिसत नाही. किती?"

आम्ही खिडकीशी गेलो. "शून्य, काका."

"शून्य," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "फळा वाचला होता ना?"

"हो काका."

"सगळा?"

आमच्यापैकी कुणी उत्तर दिले नाही. काकांनीही परत विचारले नाही. त्यांनी केकचा तुकडा भैयासाठी वेगळा काढून ठेवायला सांगितला. लूकच्या त्याच १२ व्या अध्यायात, पश्चिमेच्या ढगानंतर लगेच, प्रभू विचारतो की आकाशाचे आणि पृथ्वीचे रूप तुम्हाला ओळखता येते, मग हा काळ का ओळखता येत नाही? त्या प्रश्नावर आम्ही संडे स्कूलमध्ये दोनदा धडा घेतला होता. आकाश ओळखणे काकांनी आम्हाला शिकवले होतेच. पुढचा प्रश्न आम्ही दुसऱ्यांसाठी आहे असे समजून वाचत आलो होतो.

ब्लँकेटे त्याच संध्याकाळी वाटली, अंधारात, दोघे दोघे करून. २६ तारखेला पाहुणे आले तेव्हा गठ्ठे नव्हते. थोडी पंचाईत झाली. पाळकसाहेबांनी पाहुण्यांना सरळ काय ते सांगितले आणि पाहुण्यांना ते पटले, हे त्यांचे मोठेपण.

काका बारा दिवसांनी घरी आले. भैयाचा गहू त्या वर्षी चांगला झाला. बटाटेवाल्या बंधूंच्या एका शेतावर करपा पडला, दुसरे वाचले. पुढे दीड वर्ष काकांनी फळा लिहिला, शेवटी शेवटी खडू मुलांच्या हातात आणि काका खुर्चीवरून सांगत. जुलैतल्या एका दिवशी, आकाश आठपैकी आठ भरलेले असताना, ते गेले. अंत्यविधीला भैया आला होता. आम्ही त्याला पुढे उभे केले.

फळा आता संडे स्कूलची मोठी मुले लिहितात. ढगांची नावे चुकतात; परवा साध्या स्ट्रेटोक्यूम्युलसला निंबोस्ट्रेटस लिहून मुलांनी सगळ्या महिला मंडळाला छत्र्या आणायला लावल्या. पण फळ्याला एक चौथी ओळ आली आहे. हिवाळ्यात 'ढग जातील' असे लिहायची वेळ आली की खाली दोन नावे लिहायची: त्या रात्री एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी कोण जाणार. अशी सतरा घरे आहेत. त्यांतली सहा आपल्या मंडळीतली नाहीत.

ताईंना आम्ही सांगितले की मांडव हॉलमध्येच धरा. हे लिहीत असताना रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. आमच्यापैकी एकजण मघाशी अंगणात जाऊन आला. चंद्राला खळे आहे, मोठे, पूर्ण गोल. म्हणजे एक-दोन दिवसांत मावठ्याचा संभव, आणि त्यानंतर आकाश मोकळे. व्हेस्ट्रीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायला तो आता पाळकसाहेबांकडे गेला आहे.